वाग्गेयकारांचा वारसा

संगीताची आवड असलेल्या माणसाला त्याचे आवडते गायक कोण, असे विचारले तर तो चटकन चार नावे सांगतो. आवडते कवी विचारले, तरी त्याला फार आठवावे लागत नाही. परंतु ज्यांनी पद स्वतः रचले, चाल स्वतः बांधली आणि ते प्रथम स्वतःच्याच गळ्यातून गायिले, अशांपैकी तुम्हांला प्रिय कोण, असे कोणी विचारले म्हणजे बहुतेक रसिक क्षणभर थांबतात. मला थांबावे लागत नाही. गाण्याच्या नादात माझी जी काही वर्षे गेली, त्यांतील मोठा वाटा अशाच माणसांच्या रचनांच्या सहवासात गेला आहे. एकाच्या कवितेला दुसऱ्याने लावलेली चाल कितीही गोड असली, तरी तेथे दोन मनांचा करार असतो. शब्द आणि सूर एकाच मनातून निघाले म्हणजे कराराची गरजच उरत नाही. कोणता शब्द कोणत्या सुरावर टेकवायचा, हे रचणाऱ्याला रचतानाच ठाऊक असते.

या प्रेमातूनच एक प्रश्न उभा राहतो आणि आज, श्रोतेहो, त्याच प्रश्नाचा मागोवा आपल्याबरोबर घ्यावयाचा आहे. असा माणूस गेला की त्याच्या गाण्याचे पुढे काय होते? त्याचे शब्द ताडपत्रावर, वहीत किंवा पुस्तकात राहतात. शेवटच्या चरणात त्याची नाममुद्रा असते, त्यामुळे चारशे वर्षांनीही धनी कोण हे कळते. सुरावर अशी मुद्रा उठवता येत नाही. तो दुसऱ्या कोणाच्या तरी गळ्यात उतरला असेल तरच उरतो. गाण्याला असे दोन देह आहेत आणि दोहोंचे आयुष्य सारखे नाही. या दोन देहांची कथा देवगिरीस सुरू होते, तुंगभद्रेवरून कावेरीच्या काठी जाते आणि तेथून मुंबईस परत येते. म्हणून ती मराठी श्रोत्यांना विशेष जवळची वाटावी.

तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात देवगिरीच्या सिंघण यादवाच्या पदरी शार्ङ्गदेव नावाचा अधिकारी होता. घराणे मूळचे काश्मीरचे. आजोबा भास्कर दक्षिणेत आले आणि वडील सोढल यादवांच्या सेवेत राहिले. शार्ङ्गदेव स्वतः श्रीकरणाधिप, म्हणजे राजाच्या दप्तराचा प्रमुख होता. या दप्तरदाराने 'संगीतरत्नाकर' हा सात अध्यायांचा ग्रंथ लिहिला. हिंदुस्थानी आणि कर्नाटक या दोन्ही पद्धतींचे पंडित आजही त्याला आपला आधारग्रंथ मानतात. त्याच्या प्रकीर्णक नावाच्या तिसऱ्या अध्यायात एक लक्षण दिले आहे. वाक् म्हणजे वाणी, तिला शार्ङ्गदेव 'मातु' म्हणतो. गेय म्हणजे गाण्याजोगी स्वररचना, तिला तो 'धातु' म्हणतो. मातु आणि धातु ही दोन्ही जो निर्माण करतो तो वाग्गेयकार. आपण ज्या माणसांविषयी बोलत आहोत त्यांच्यासाठी याहून नेमका शब्द मला माहीत नाही.

उत्तम वाग्गेयकाराच्या अंगी काय काय असावे, याची शार्ङ्गदेवाने दिलेली यादी लांबलचक आहे. व्याकरण, कोश, छंद व अलंकार यांचे ज्ञान हवे. रस आणि भाव यांची जाण हवी. देशोदेशींच्या रीती व भाषा अवगत हव्यात, लय-ताल हाती हवे आणि कंठही मनोहर हवा. इतकेच करून तो थांबत नाही. रागद्वेषाचा त्याग आणि दुसऱ्याचे चित्त ओळखण्याची शक्ती हीदेखील तो गुणांतच मोजतो. त्यानंतर तो प्रतवारी लावतो, आणि ती पाहून कवींना जरा दचकायला होईल. ज्याची स्वररचना श्रेष्ठ पण शब्द मंद, तो मध्यम. ज्याचे शब्द रम्य पण स्वररचना मंद, तो अधम. दुसऱ्याच्या तयार चालीत आपले शब्द बसवणारा तर निराळाच. त्याला शार्ङ्गदेव 'कुट्टिकार' म्हणतो. अर्थात संगीताच्या या महापंडिताच्या दृष्टीने गाण्याचा प्राण सुरात होता. दैवाने मात्र या प्रतवारीशी फारसे इमान राखले नाही. पुढील काळात टिकले ते बहुधा शब्दच, आणि सूर विरत गेले.

जयदेवाचेच उदाहरण घ्या. बाराव्या शतकातील त्याच्या 'गीतगोविंदा'त चोवीस गीते आहेत आणि पोथ्यांतून प्रत्येक गीतावर राग व ताल यांची नावे लिहिलेली आढळतात. शब्द सर्व भारतभर पोचले. ओडिशातील जगन्नाथाच्या मंदिरात ते गायिले गेले. केरळात देवळाच्या सोपानाशी उभे राहून इडक्क्याच्या साथीवर ते अजून गातात. तामिळ भजनमंडळ्यांतही अष्टपदींना मान आहे. परंतु प्रत्येक ठिकाणची चाल वेगळी. पोथीवर रागाचे नाव आहे, पण त्या नावाने जयदेवाच्या कानात जे स्वर उमटत ते आजच्या त्याच नावाच्या रागात असतीलच, असे मुळीच नाही.

कोणी म्हणेल की स्वरलिपी असती तर हा प्रश्न सुटला असता. तामिळनाडूत पुदुक्कोट्टैजवळ कुडुमियामलै येथे सातव्या शतकातील एक शिलालेख आहे. त्यात रागांचे स्वरसमूह चक्क दगडात कोरलेले आहेत. 'संगीतरत्नाकरा'तही रागांच्या जोडीला स्वराक्षरे दिली आहेत. अक्षरे वाचता येतात, पण त्यांवरून ते गाणे जसेच्या तसे उठवणे कोणाच्या हाती नाही. कारण स्वरावर किती काळ थांबावे, एका स्वरावरून दुसऱ्यावर कसे उतरावे, कोठे आंदोलन द्यावे, हे त्या काळी गुरूच्या गळ्यातून शिष्य उचलीत असे. ती साखळी तुटली की दगडावरचे सूरही मुके होतात.

आपल्या महाराष्ट्राची स्थिती याहून फारशी निराळी नाही. नामदेव आणि तुकाराम हे कीर्तनरंगात उभे राहून स्वतःची रचना स्वतः गाणारे पुरुष. तुकोबांचे शब्द संताजी जगनाड्यांसारख्या टाळकऱ्यांनी लिहून ठेवले आणि त्यांच्या गाथेने मराठी भाषा समृद्ध झाली. पण देहूच्या त्या कीर्तनात तुकोबांनी कोणता अभंग कोणत्या सुरात म्हटला, हे कोणत्याही वहीत उतरले नाही. वारकऱ्यांच्या चाली जिवंत आहेत, भारदस्त आहेत, परंतु त्या परंपरेच्या आहेत, एका कंठाच्या नाहीत. नाट्यसंगीताचे पाहावे तर १८८० साली अण्णासाहेब किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून नाटकांची पदे छापली गेली, आणि पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून एखाद्या परिचित गाण्याचे पहिले शब्द देण्याचा प्रघात पडला. त्या काळच्या वाचकाला तेवढी खूण पुरे होती, कारण ते मूळ गाणे त्याच्या कानात होते. शार्ङ्गदेवाच्या व्याख्येने ही बरीचशी रचना कुट्टिकाराचीच. मूळ गाणे विस्मरणात गेले की पदावरची ती ओळ म्हणजे किल्ली हरवलेल्या पेटीसारखी होते. ग्वाल्हेरच्या परिसरात राहून लिहिणाऱ्या भा. रा. तांबे यांनी आपल्या कवितांवर राग आणि जाती यांचे निर्देश केले. पण त्यांची गीते घरोघर गेली ती मुख्यतः पुढच्या संगीतकारांनी दिलेल्या नव्या चालींतून.

आता देवगिरीहून दक्षिणेकडे वळू. चौदाव्या शतकाच्या आरंभी यादवांचे राज्य गेले, पण 'संगीतरत्नाकर' गेला नाही. पंधराव्या शतकात विजयनगरच्या दरबारी कल्लिनाथाने त्यावर विस्तृत टीका लिहिली. पुढच्या शतकात त्याच विजयनगराच्या परिसरात पुरंदरदास गात होते. त्यांचे मूळ गाव पुण्याजवळच्या पुरंदरगडाच्या पायथ्याचे, असे एक परंपरा सांगते. कर्नाटकातील अभ्यासक शिवमोग्ग्याकडील आरग या गावाचे नाव घेतात. वाद काहीही असो, त्यांच्या प्रत्येक पदाच्या शेवटी विठ्ठलाचे नाव येते आणि पंढरीशी असलेले नाते त्यातून बोलते. श्रीमंत सावकाराने सर्वस्वावर तुळशीपत्र ठेवले आणि हाती तंबोरा घेतला, अशी त्यांची कथा आहे. १५६४ साली ते निवर्तले. त्यांच्याही पदांच्या मूळ चाली बहुतेक हरवल्या. परंतु एक गोष्ट त्यांच्या नावाशी जोडलेली आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. कर्नाटक संगीत शिकणारे मूल आजही मायामाळवगौळ रागातील ज्या स्वरपाठांनी आरंभ करते, ते क्रमवार पाठ पुरंदरदासांनी घालून दिले, असे तेथील सर्व संप्रदाय मानतात. म्हणजे या वाग्गेयकाराने पदे तर रचलीच, शिवाय ती पुढे नेणारे गळे कसे घडवावेत याचीही वाट आखली.

पुरंदरदासांच्या पाठोपाठ १५६५ साली विजयनगरचा पाडाव झाला आणि विद्या व कला यांचा ओघ कावेरीच्या खोऱ्यात, तंजावरच्या नायक राजांकडे वळला. तेथेच सतराव्या शतकात वेंकटमखीने 'चतुर्दंडीप्रकाशिका' लिहून बहात्तर मेळांची व्यवस्था सांगितली. त्यानंतर शिवछत्रपतींचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी तंजावर घेतले आणि १८५५ पर्यंत ते मराठ्यांकडे राहिले. या राजांनी तेथील भाषा व संगीत आपलेसे केले. व्यंकोजींचे पुत्र शहाजी यांनी तेलुगूत गेय रचना केल्या. तुळजाजींच्या नावावर 'संगीतसारामृत' हा ग्रंथ आहे. सरफोजी राजांचे सरस्वती महाल ग्रंथालय तर जगप्रसिद्धच आहे. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरच्या कृष्ण भागवतरांनी मराठी कीर्तनकारांची पद्धत उचलून तामिळ हरिकथेला घाट दिला. त्यामुळे साकी, दिंडी, ओवी, अभंग ही आपली वृत्ते तामिळ कथेकऱ्यांच्या तोंडी रुळली. सुराला जतन करणारा गळा कधी कधी घरापासून शेकडो कोस दूर भेटतो, याचे हे सुंदर उदाहरण होय.

याच मराठी राज्यात तिरुवारूर या एकाच गावी तीन वाग्गेयकार जन्मले, आणि कर्नाटक संगीत त्यांना त्रिमूर्ती म्हणते. श्यामा शास्त्री १७६२ चे, त्यागराज १७६७ चे आणि मुत्तुस्वामी दीक्षित त्यांच्याहून काही वर्षांनी लहान. तिघेही थोर. पण आवडीची गोष्ट सांगायची तर त्यागराजांना मी पहिला मान देतो.

त्यागराजांची भाषा तेलुगू, वास्तव्य तिरुवैयारु येथे कावेरीकाठी, दैवत राम आणि उपजीविका उंछवृत्ती, म्हणजे गल्लोगल्ली नामसंकीर्तन करीत मिळेल तेवढ्या धान्यावर. सरफोजींच्या दरबारातून आलेले बोलावणे त्यांनी नाकारले, अशी कथा परंपरेने जपली आहे आणि कल्याणी रागातील एका प्रसिद्ध कृतीचा उगम त्या प्रसंगात सांगतात. त्यांच्या आज उपलब्ध असलेल्या रचना सुमारे सातशे आहेत. त्यांची एक विशेष देणगी म्हणजे 'संगती'. एकच ओळ ते पुनःपुन्हा घेतात आणि दर वेळी तिच्या सुरात थोडी भर घालतात. शब्द तेच राहतात, पण प्रत्येक फेरीला त्यांचा अर्थ अधिक उघडत जातो. पहिल्यांदा ती ओळ प्रश्नासारखी वाटते, दुसऱ्यांदा तक्रारीसारखी, आणि चौथ्या-पाचव्या फेरीस तिचे आर्जव होते. मातु आणि धातु एका मनातून येणे म्हणजे काय, हे मला शार्ङ्गदेवाच्या व्याख्येपेक्षाही त्यागराजांच्या संगतींनी अधिक स्पष्ट शिकवले.

६ जानेवारी १८४७ रोजी त्यागराजांनी देह ठेवला. त्यांच्या कृती वाचल्या त्या शिष्यांमुळे. तिल्लैस्थानम, उमयाळपुरम आणि वालाजापेट या गावांच्या नावांनी त्यांच्या शिष्यांच्या तीन शाखा प्रसिद्ध आहेत. वालाजापेटचे वेंकटरमण भागवतर आणि त्यांचे पुत्र कृष्णस्वामी भागवतर यांनी पुष्कळसे लिहूनही ठेवले, आणि ते लिखाण मदुरेच्या सौराष्ट्र सभेने सांभाळले. या शाखांच्या पाठांत फरक आहेत. एकीकडे जी संगती आहे ती दुसरीकडे नसते. कोणी याला दोष म्हणेल. मला तो जिवंतपणाचा पुरावा वाटतो. तीन ओढे थोडे वेगळे वाहिले, म्हणून तर उगम एकच होता हे पटते.

या वारशाच्या जतनात एका स्त्रीचे नाव कृतज्ञतेने घेतले पाहिजे. बंगळूरच्या नागरत्नम्मा देवदासी परंपरेतील गायिका होत्या. त्यागराजांच्या समाधीची दुरवस्था कळल्यावर त्यांनी स्वतःच्या कमाईतून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात तेथे मंदिर उभारले. आणि गंमत अशी की त्या काळी आराधनेच्या उत्सवात स्त्रियांना गाण्यास मज्जाव होता. नागरत्नम्मांनी स्त्रियांची स्वतंत्र आराधना सुरू केली, आणि अखेर निरनिराळे पक्ष एकत्र येऊन हा मज्जाव संपला. १९५२ साली त्या वारल्या. त्यांची समाधी त्यागराजांच्या समाधीसमोरच आहे. आज पुष्य वद्य पंचमीस नाट, गौळ, आरभी, वराळी आणि श्री या पाच रागांतील पंचरत्न कृती तेथे शेकडो गायक-गायिका एकस्वराने गातात. आकाशवाणीने तो सोहळा देशभर पोचवला आहे. त्या समुदायात मोठा गायक आणि शिकाऊ विद्यार्थी एकाच ओळीत बसतात. वाग्गेयकाराचे खरे स्मारक दगडाचे असावे की गळ्यांचे, या प्रश्नाचे उत्तर तिरुवैयारूने असे दिले आहे की दोन्ही असावीत, पण दगड गळ्यांसाठी असावा.

मुत्तुस्वामी दीक्षितांचा स्वभाव निराळा आणि त्यांच्या वारशाची कथाही निराळी. तरुणपणी काही वर्षे ते काशीस राहिले आणि तेथील धृपदाची धीमी, गंभीर चाल त्यांच्या रचनेत उतरली, असे जाणकार मानतात. त्यांची भाषा संस्कृत, मुद्रा 'गुरुगुह', आणि रागाचे नाव शब्दांत खुबीने गुंफण्याची त्यांना हौस. तरीही हा प्रौढ पंडित कुट्टिकाराचे काम कमी लेखत नव्हता. मद्रासकडे इंग्रजांच्या बँडचे सूर कानी पडले तेव्हा त्या चालींवर त्यांनी सोपी संस्कृत पदे रचली. त्यांतील एक तर इंग्रजांच्या राजगीताच्या चालीवर आहे. कर्नाटक संगीतात व्हायोलिन रुजवण्याचे श्रेय ज्यांना देतात ते बालुस्वामी दीक्षित हे त्यांचेच धाकटे बंधू.

१८३५ च्या दीपावलीस एट्टयपुरम येथे मुत्तुस्वामी दीक्षित निवर्तले. बालुस्वामी त्या संस्थानचे दरबारी विद्वान होते. त्यांच्या मुलीचा मुलगा सुब्बराम, त्याला त्यांनी दत्तक घेतले. या सुब्बराम दीक्षितांनी वृद्धपणी 'संगीतसंप्रदायप्रदर्शिनी' हा तेलुगू लिपीतील प्रचंड ग्रंथ सिद्ध केला, आणि १९०४ साली तो एट्टयपुरमलाच छापला गेला. मुत्तुस्वामींच्या सव्वादोनशेंवर कृती त्यात स्वरलिपीसह आहेत. विशेष म्हणजे केवळ स्वर देऊन ते थांबले नाहीत. स्वर कसा हलवावा, कसा ओढावा, कोठून उतरावा, यांसाठीही त्यांनी वेगळ्या खुणा योजल्या. कुडुमियामलैच्या दगडावर जे राहून गेले होते, ते पकडण्याचा हा प्रयत्न होता. घरची विद्या घरातच ठेवावी, हा त्या काळचा रिवाज. ए. एम. चिन्नस्वामी मुदलियार यांच्यासारख्या संगीतप्रेमी गृहस्थांच्या आग्रहाने सुब्बराम दीक्षितांनी तो मोडला, आणि दोनच वर्षांनी, १९०६ साली ते गेले. ग्रंथ तेवढ्या वेळात झाला नसता तर काय झाले असते, याची कल्पनाच करवत नाही.

आणि येथे आपली कथा मुंबईकडे वळते. १९०४ साली निघालेल्या दक्षिणयात्रेत विष्णु नारायण भातखंडे एट्टयपुरमला जाऊन सुब्बराम दीक्षितांना भेटले. भातखंडे पेशाने वकील, राहणारे मुंबईचे. वेंकटमखीच्या मेळव्यवस्थेची ओळख त्यांना या प्रवासाने घडली, आणि पुढे हिंदुस्थानी रागांसाठी त्यांनी दहा थाटांची व्यवस्था मांडली. गुरुशिष्यांच्या संवादाच्या रूपाने त्यांनी 'हिंदुस्थानी संगीत पद्धती' हा ग्रंथ मराठीत लिहिला. उस्तादांच्या घराण्यांत जपून ठेवलेल्या चिजा मिळवून त्यांनी सोप्या स्वरलिपीत उतरवल्या, आणि 'क्रमिक पुस्तक मालिके'च्या सहा भागांत सर्वांसाठी खुल्या केल्या. 'चतुर' या मुद्रेने त्यांनी स्वतः लक्षणगीतेही रचली, म्हणजे तेही वाग्गेयकारच. देवगिरीहून निघालेला विचार विजयनगर आणि तंजावर करीत सातशे वर्षांनी असा महाराष्ट्रात परतला.

भातखंडे यांच्या लिपीवर टीकाही झाली. कागदावर सांगाडा येतो, प्राण येत नाही, असे घराणेदार गवई म्हणत. त्यात तथ्य होते. परंतु सांगाडाही नाहीसा झाल्यावर प्राण कोठे वसणार, हा भातखंडे यांच्या उद्योगातला प्रश्न तितकाच खरा होता. त्यांच्या पुस्तकांनी एक चीज सर्वांना मिळाली, आणि ती कशी फुलवायची हे गुरूकडे शिकण्यास वाव उरलाच.

याच सुमारास बंगालमध्ये या प्रश्नाची दोन टोके दिसली. रवींद्रनाथांनी दोन हजारांहून अधिक गीते रचली, पण स्वतः बांधलेली चाल ते विसरत. नवी चाल सुचली की नात्याने नातू लागणाऱ्या दिनेंद्रनाथांना ती शिकवीत, आणि दिनेंद्रनाथ ती ध्यानात ठेवून स्वरलिपीत उतरवीत. रवींद्रनाथ त्यांना आपल्या गाण्यांचे भांडारी म्हणत. स्वरलिपीचे 'स्वरबितान' हे खंड त्यातूनच पुढे उभे राहिले. आपल्या चालीत गायकाने मनाप्रमाणे फेरफार करू नये, असा रवींद्रनाथांचा आग्रह होता. २००१ अखेर स्वामित्वहक्काची मुदत संपेपर्यंत विश्वभारतीने त्याची राखण केली. त्या राखणीने गीते शुद्ध राहिली, असे काही म्हणतात. ती थोडी आखडली, असे इतर म्हणतात. काझी नझरुल इस्लाम यांच्या वाट्याला असा भांडारी आला नाही. ध्वनिमुद्रिकांच्या कंपनीसाठी आणि कलकत्ता रेडिओसाठी त्यांनी भराभर गीते रचली. हरपत चाललेले राग पुन्हा ऐकवणारा 'हारामणि' हा कार्यक्रम त्यांनी रेडिओवर केला. आणि १९४२ साली आजाराने त्यांचीच वाणी हरपली. १९७६ पर्यंत ते जगले, पण कोणती चाल आपली आणि कोणती इतरांची, हे सांगू शकले नाहीत. त्यांच्या गीतांचे शुद्ध रूप ठरवण्यासाठी अभ्यासक आज जुन्या ध्वनिमुद्रिका पुनःपुन्हा ऐकतात. रवींद्रनाथ विसराळू असून त्यांच्या चाली राहिल्या आणि नझरुल रागांचे जाणकार असून त्यांच्या चालींविषयी संशय उरला. दोघांत अंतर पडले ते एका दिनेंद्रनाथांचे.

एक शेवटचे नाव घेतो. बेळगावजवळ जन्मलेले आणि आजारपणामुळे माळव्यात देवासला जाऊन राहिलेले कुमार गंधर्व. अंथरुणावर पडल्या पडल्या आसपासच्या बायाबापड्यांची गाणी त्यांच्या कानी पडत. त्या धुनांतून त्यांना नवे राग दिसले, माळवी बोलीत बंदिशी सुचल्या, आणि १९६५ साली 'अनूपरागविलास' या पुस्तकात त्यांनी त्या स्वरलिपीसह दिल्या. ज्या बायकांनी ती मूळ गाणी रचली त्यांची मुद्रा शब्दांवरही नाही आणि सुरांवरही नाही. तरी ती गाणी देवासच्या त्या घरापर्यंत पोचली, कारण कोणी ना कोणी ती गात राहिले होते. आपल्याकडच्या जात्यावरच्या ओव्यांचे तसेच. रचणारी, चाल धरणारी आणि गाणारी बाई एकच. शार्ङ्गदेवाने तिला उत्तम, मध्यम, अधम यांपैकी कोठे बसवले असते कोण जाणे, पण ती वाग्गेयकार होती यात शंका नाही. जाते थांबले आणि त्याच्या घरघरीवर चालणारी ती लयही बहुतेक घरांतून गेली.

श्रोतेहो, आज ध्वनिमुद्रणाची साधने पूर्वी कधी नव्हती इतकी सुलभ आहेत. सूर टिकवण्याचा प्रश्न त्यामुळे सुटला असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु यंत्र जपते ते एका दिवसाचे एक गायन. तो सूर दुसऱ्याच्या गळ्यात उतरवण्याचे काम यंत्र करीत नाही. शिलालेख, ताडपत्र, स्वरलिपी, ध्वनिमुद्रिका ही सर्व साधने मोलाची आहेत, आणि ती हाताशी असतानाही गाणे जगले ते जेथे कोणीतरी ते शिकून घेतले तेथेच. त्यागराजांना वालाजापेट लाभले, मुत्तुस्वामींना एट्टयपुरम लाभले, रवींद्रनाथांना दिनेंद्रनाथ लाभले. माझ्या आवडीच्या या वाग्गेयकारांचे जेवढे ऋण मी मानतो तेवढेच त्यांच्या या भांडाऱ्यांचे मानतो.

आपल्यापैकी कित्येकजण इंदूर, बडोदे, ग्वाल्हेर, तंजावर, हैदराबाद अशा ठिकाणी पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत. आपल्या घरी एखादी भूपाळी, एखादी आरती, मंगळागौरीचे एखादे गाणे अशा चालीने म्हटले जात असेल की जी पुण्या-मुंबईकडे आता कोणाला ठाऊक नाही. ती लिहून ठेवावी, ध्वनिमुद्रित करावी, हे तर खरेच. पण त्याहून आधी घरातल्या एका मुलाला किंवा मुलीला ती समोर बसवून शिकवावी. शब्द कोठेतरी सापडतील. चाल आपल्यापाशीच असेल, तर ती पुढे देण्याचे काम दुसरे कोणी करू शकणार नाही.